लिहिणारे पाहिजेत

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. दोन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर बसलो होतो. वीज गेलेली होती आणि अंगणातल्या आंब्यावरून पाणी निथळत होते. अशा वेळी आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा छत्री झाडत पायऱ्या चढून आला. हा भाचा मुंबईत एका कचेरीत संगणकावर काम करतो. पहाटेची गाडी पकडतो आणि दिवेलागण उलटून गेल्यावर घरी परततो. आठवड्याच्या मधल्या वारी त्याची पावले आमच्याकडे वळत नाहीत, म्हणून मनात शंका चुकचुकली. घरी सारे क्षेम ना, असे आम्ही विचारले.

"घरी सगळं ठीक आहे, फादरमामा," तो म्हणाला. "मला तुमचा सल्ला पाहिजे. फुकट लिहिणारी माणसं कशी मिळवायची?"

हा प्रश्न आमच्यापाशी का आणलास, असे विचारताच तो हसून उत्तरला, "पैसे न देता लोकांकडून काम करून घेण्यात तुमच्याइतका मुरलेला माणूस आपल्या घराण्यात दुसरा कोण आहे?"

बोलणे झोंबणारे होते, पण खोटे नव्हते. नाताळचा गोठा, सणाचा मंडप, गायनवृंद, आजाऱ्यांच्या भेटी, रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, धर्मग्रामाचे वार्षिक, या साऱ्याचा गाडा गेली पंचवीस-सव्वीस वर्षे आम्ही इतरांच्या फावल्या वेळावरच हाकत आलो आहोत. तेव्हा आम्ही त्याला बसायला खुर्ची दिली आणि लिहिणारी माणसे कशासाठी हवीत ते विचारले. उत्तर ऐकून मात्र आमच्या कपाळाला आठी पडली. भाच्याला लेखक हवे होते ते पत्त्यांच्या एका खेळासाठी!

पत्त्यांशी आमचे जुने वैर. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात आणि मयताच्या घरी रात्र जागवताना कंदिलाच्या उजेडात चाललेली रमी आम्ही लहानपणापासून पाहिली. पैशांवर सुरू झालेला डाव बायकोच्या पाटल्यांवर जाऊन पोहोचल्याचेही पाहिले. नवा धर्मगुरू असताना उपवासकाळाच्या लागोपाठ तीन रविवारी आम्ही पत्त्यांवर प्रवचने झोडली होती. घरी मुलांबरोबर बदाम सत्ती आणि गुलामचोर खेळणाऱ्या आयाबायांनाही त्या प्रवचनांचा मार बसला, हे आम्हांला फार उशिरा कळले.

भाच्याने खिशातून पत्त्यांचा एक कॅट काढला आणि मेणबत्तीच्या उजेडात मांडला. त्यात ना राजा होता, ना राणी, ना इस्पिक, ना बदाम. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि खाली बारीक अक्षरांत त्या पत्त्याचा गुण लिहिलेला. खेळाचे नाव नेटरनर. दोघांनी खेळायचे, पण दोघांचे नियम आणि पत्ते निरनिराळे. एक जण बलाढ्य कंपनी होतो. तो आपली गुपिते पालथ्या पत्त्यांच्या रूपाने मांडतो आणि त्यांच्यापुढे पहारे बसवतो. दुसरा त्या कंपनीच्या संगणकांत शिरू पाहणारा एकटा घुसखोर. कंपनीला एका पाळीत तीन चाली मिळतात, घुसखोराला चार. कंपनीने आपले बेत तडीस नेऊन सात गुण मिळवले की ती जिंकते. घुसखोराने तेच बेत चोरून सात गुण केले की तो जिंकतो. पालथ्या पत्त्याखाली खरोखर गुपित आहे की सापळा, हे ओळखण्यात सारी गंमत. पैशाचा संबंध कोठेच नव्हता. आम्ही दोन डाव खेळलो आणि दोन्ही हरलो. वीज परत आली ते आमच्या ध्यानातही आले नाही.

मग त्याने खेळाचा इतिहास सांगितला आणि आम्ही तो लक्ष देऊन ऐकला, कारण त्यात आम्हांला ओळखीचे काही तरी दिसू लागले होते. अमेरिकेतील रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 1993 साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ आणला आणि जगभर गाजवला. नेटरनर हाही त्याचाच. 1996 साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पण मॅजिकच्या सावलीत तो खुरटला आणि काही वर्षांतच बंद पडला. पुढे 2012 साली फँटसी फ्लाइट गेम्स या दुसऱ्या कंपनीने परवाना घेऊन तो नव्या रूपात काढला. मॅजिकच्या पुडीत कोणते पत्ते निघतील हे आधी कळत नाही, त्यामुळे पुडी फोडणे म्हणजे जवळजवळ सोडतच. नेटरनरच्या नव्या पुडीत काय आहे ते मात्र आधीच ठाऊक असे. ही गोष्ट आम्हांला विशेष आवडली. खेळ चांगला रुजला. परंतु परवाना पुढे चालू राहिला नाही. 2018 च्या जूनमध्ये कंपनीने खेळ थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विक्री बंद झाली.

"माझ्या वाटेनं खेळ तेव्हाच संपला होता," भाचा म्हणाला. "पण काही खेळाडू एकत्र आले. एकमेकांना न पाहिलेले, वेगवेगळ्या देशांतले. कंपनी नसली तर आपण चालवू, म्हणाले."

आणि त्यांनी चालवला. त्यांच्या संस्थेचे नाव आधी निसेई होते. जपानबाहेर स्थायिक झालेल्या जपान्यांच्या दुसऱ्या पिढीला हा शब्द लावतात आणि महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्या पिढीला छावण्यांत डांबले गेले होते. असे नाव खेळाला शोभत नाही हे मान्य करून 2022 साली त्यांनी ते बदलले आणि नल सिग्नल गेम्स असे ठेवले. नवे पत्ते कल्पिणारे, ते खेळून तपासणारे, नियम लिहिणारे बहुतेक सारे लोक आपापली नोकरी सांभाळून हे करतात. 2021 साली त्यांनी नवशिक्यांसाठी वेगळा संच काढला. ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याने घरच्या घरी कागदावर छापून खेळावे, म्हणून पत्ते विनामूल्य उपलब्ध ठेवले. आमच्यापुढे मांडलेला कॅटही भाच्याने असाच छापून, कात्रीने कापून तयार केलेला होता.

ज्या संकेतस्थळासाठी भाचा धडपडत होता ते या संस्थेचे नव्हे. चार-पाच चाहत्यांनी मिळून चालवलेले ते एक छोटेसे पान. कोणता पत्ता कशाबरोबर चालतो, एखाद्या स्पर्धेत कोण कसा जिंकला, एखाद्या किचकट नियमाचा अर्थ काय, असे लेख तेथे येतात. वाचणारे पुष्कळ, लिहिणारे मूठभर. त्यांतल्या एकाला मूल झाले, एकाची नोकरी बदलली, एकाचा उत्साह मावळला. गेले चार महिने जवळजवळ सारे लेख भाचा एकटाच लिहीत होता. रात्री साडेअकराला लिहायला बसायचे आणि पहाटे पाचला उठायचे. त्याचे डोळे का ओढलेले दिसत होते ते आता कळले.

एवढा त्रास होतो तर सोडून का देत नाहीस, असे आम्ही विचारले. तो बराच वेळ पत्ते पिसत राहिला. मग म्हणाला, "मी खेळ शिकलो तेव्हा माझ्या ओळखीचं कोणी खेळत नव्हतं. कोणा एका परक्या माणसानं लिहिलेला लेख वाचून शिकलो. त्याचं खरं नावही मला माहीत नाही. आभार मानायचे तर कुठे मानू? म्हणून नवीन येणाऱ्यासाठी लिहितो. पण आता एकट्याने ओढवत नाही, मामा."

सेमिनरीत आम्हांला कृतज्ञतेवर पुष्कळ शिकवले गेले. पण ती इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही.

त्याने आपल्या निवेदनाचा मसुदा दाखवला. मजकूर साधारण असा होता : आमच्या संकेतस्थळासाठी लेखक हवे आहेत, लेखकाला खेळाचे सखोल ज्ञान असावे, इंग्रजी उत्तम असावे, दर आठवड्याला एक लेख देण्याची तयारी असावी, इच्छुकांनी संपर्क साधावा. तीन आठवड्यांत एकही पत्र आले नव्हते.

तो मसुदा वाचून आम्हांला आमचीच निवेदने आठवली. 'स्मरणिकेसाठी दर्जेदार साहित्य पाठवावे' हे वाक्य आम्ही वेदीवरून किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. दर्जेदार हा शब्द कानी पडताच भाविक खाली पाहू लागतात आणि शेवटी लिहितात तेच तिघे : शाळेचे मुख्याध्यापक, गायनवृंदाचे प्रमुख आणि आम्ही स्वतः. आम्ही मात्र आपले लोक वाचत नाहीत, लिहीत नाहीत, असा ठपका लोकांवरच ठेवून मोकळे होतो.

यावर आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. सेमिनरीच्या ग्रंथालयात आम्ही इंग्रजीच्या थोरल्या ऑक्सफर्ड शब्दकोशाचा इतिहास वाचला होता. जेम्स मरे या शाळामास्तराने 1879 साली त्या कोशाचे संपादन हाती घेतले तेव्हा त्याने सर्वसामान्य वाचकांना एक विनंतीपत्रक काढले. पुस्तके वाचा, त्यांतले शब्द वाक्यासह कागदाच्या चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. मोबदला काही नाही. त्याने विद्वान हवेत असे म्हटले नाही. किती माणसे हवीत आणि किती काळासाठी हवीत ते सांगितले : एक हजार वाचक, तीन वर्षे. कोणत्या शतकातली कोणती पुस्तके अद्याप कोणी वाचलेली नाहीत त्यांची यादी दिली. चिठ्ठी कशी लिहायची तेही सांगितले. ज्याच्या घरी यादीतले एखादे पुस्तक होते त्याला कळले की हे काम आपल्यासाठी खोळंबले आहे. चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊ लागले. 1884 साली कोशाचा पहिला भाग निघाला. मरे 1915 साली वारला आणि पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली.

त्या इतिहासात आणखी एक मौज आहे. चिठ्ठ्या चाळताना मरेच्या ध्यानात आले की वाचकांनी दुर्मीळ, चमकदार शब्द हौसेने टिपले होते, पण रोजच्या वापरातल्या साध्या शब्दांकडे कोणी फिरकलेच नव्हते. आडवळणाच्या एखाद्या शब्दाला चाळीस-पन्नास चिठ्ठ्या आणि त्याच्याच सख्ख्या भावाला, जो सर्वांच्या तोंडी, जेमतेम चार-पाच. हौसेने येणारा माणूस आधी शोभेच्या कामाला हात घालतो, मग ते काम शब्दकोशाचे असो वा यात्रेच्या मंडपाचे. दिव्यांच्या माळा लावायला दहा जण धावतात, सतरंज्या उचलायला एखादाच उरतो.

हे ऐकताच भाचा चमकला. त्यांच्याकडेही तसेच झाले होते. अव्वल खेळाडूंसाठी लेखांचा ढीग होता. पण ज्याने आज पहिल्यांदा पत्ते हाती घेतले त्याच्यासाठी अलीकडे कोणी ओळही लिहिली नव्हती. पटाईत माणसाला आपले नवखेपण आठवत नाही, म्हणून तो ते लिहू शकत नाही. मग ते कोणी लिहावे? जो कालच हरला आहे त्याने!

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून नवे निवेदन लिहिले. सखोल ज्ञान आणि उत्तम इंग्रजी या दोन्ही अटी खोडल्या. दर आठवड्याचा लेखही खोडला. त्या जागी एवढेच लिहिले : तुम्ही अलीकडे एखादा डाव हरला आहात काय? तो का हरलात ते तीनशे शब्दांत लिहून पाठवा. भाषेची काळजी करू नका. आम्ही हात फिरवू आणि छापण्यापूर्वी तुम्हांला दाखवू. एकदाच लिहायचे असेल तर एकदाच लिहा. खाली पाच विषयांची यादी जोडली. त्यांतला प्रत्येक विषय एका बैठकीत लिहून होईल इतका लहान ठेवला.

येथे आम्ही एक अडचण काढली, कारण ती आमच्या मनाला डाचत होती. काम करणाऱ्याला त्याचे वेतन मिळाले पाहिजे हे पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात जगाला बजावले. सेमिनरीत आम्ही ते घोकून परीक्षा दिली आहे. मग फुकट लिहायला सांगणे न्यायाचे कसे? भाच्याने हा प्रश्न झटकला नाही. त्याला एक उदाहरण ठाऊक होते. अमेरिका ऑनलाइन या बड्या कंपनीत हजारो स्वयंसेवक संभाषणांवर देखरेख ठेवत आणि नवागतांना मदत करत. बदल्यात त्यांना वर्गणीत सवलत मिळे. कंपनी मात्र गब्बर होत होती. 1999 साली काही माजी स्वयंसेवकांनी कंपनीवर दावा लावला : आम्ही करत होतो ती नोकरीच होती. दावा अकरा वर्षे चालला आणि 2010 साली दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली.

या कथेचे सार आमच्या मते असे. माणूस आपला वेळ प्रेमाने देतो तेव्हा त्याला पैसे न देणे हा अन्याय नव्हे. त्याच्या प्रेमावर कोणी गुपचूप पैसे मिळवू लागला की अन्याय सुरू होतो. म्हणून आम्ही निवेदनात आणखी पाच वाक्ये घातली. हे संकेतस्थळ काहीही मिळवत नाही. त्याचा खर्च तिघे जण आपल्या खिशातून भागवतात. लेखावर लेखकाचे नाव राहील. लेख लेखकाचाच राहील आणि तो केव्हाही परत घेता येईल. उद्या उत्पन्न सुरू झाले तर ते आधी लेखकांना कळवले जाईल. एवढे लिहून झाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

निघताना भाच्याने सहज विचारले, "आलेल्या लेखाला किती दिवसांत उत्तर द्यायचं, मामा? थोडा उशीर झाला तर चालेल ना? नाही तरी फुकटचाच मामला आहे."

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आत जाऊन जुन्या पेटीतून आम्ही एक पाकीट आणले आणि त्याच्या हाती दिले. त्या पाकिटाची कथा आम्ही तोवर कोणाला सांगितली नव्हती. आज ती वाचकांपुढे ठेवतो.

1999 साली आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. चर्चच्या वर्धापनानिमित्त स्मरणिका काढायची होती आणि तिचे काम आमच्याकडे होते. नेहमीच्या थाटात आम्ही वेदीवरून साहित्याची मागणी केली. दोन आठवड्यांनी एक वयस्कर बागायतदार मिस्सेनंतर साक्रीस्तीच्या दाराशी उभे राहिले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेले कागद काढून आमच्या हाती दिले. शाळेच्या वहीची आठ पाने, दोन्ही बाजूंनी निळ्या शाईत भरलेली. विषय होता सुकेळी. राजेळी केळ्यांचा घड केव्हा उतरवायचा, पिकवायचा कसा, सोललेली केळी उन्हात किती दिवस ठेवायची, दव पडण्यापूर्वी ती का उचलायची, आभाळ भरून आले तर काय करायचे आणि शेवटी ती केळीच्याच सुकल्या पानांत कशी बांधायची. भाषा बोलीतली, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, विरामचिन्ह औषधाला नाही. आम्ही सेमिनरीतून ताजे बाहेर पडलेलो, प्रमाण भाषेच्या अभिमानाने फुगलेलो. दीड पान वाचले आणि ते कागद टेबलाच्या खणात टाकले.

पुढच्या रविवारी त्यांनी विचारले, "फादर, आमचा कागद वाचला काय?" सवडीने वाचतो, असे आम्ही म्हटले. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारले आणि आम्ही पुन्हा तेच म्हटले. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारले नाही. दाराशी क्षणभर थबकले, आमच्याकडे पाहिले आणि चालू लागले. स्मरणिका निघाली. तिच्यात शुभसंदेश होते, जाहिराती होत्या, आमचा स्वतःचा दीर्घ लेख होता. ती आठ पाने नव्हती. पुढे आमची बदली झाली आणि खणातले कागद पेटीत गेले. काही वर्षांनी ते गृहस्थ देवाघरी गेल्याचे कानावर आले. फार उशिरा, एका बदलीच्या वेळी सामान आवरताना, ते पाकीट हाती लागले आणि तेव्हा कोठे आम्ही ती आठही पाने शेवटपर्यंत वाचली. आमच्या दीर्घ लेखातले एक वाक्यही आज आम्हांला आठवत नाही. राजेळीची बने विरळ झाली आहेत, सुकेळी करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्या आठ पानांत जे आहे ते सांगणारा माणूस आता आम्हांला कोठे भेटेल?

लेख सुधारता आला असता. नाकारलाही असता तरी ते उत्तर ठरले असते. आम्ही काहीच न कळवता त्यांना तिष्ठत ठेवले. आपण मागितले म्हणून कोणी लिहितो, तेव्हा देणेकरी आपण असतो. हे साधे गणित आम्ही उलटे मांडले होते. लेख स्वीकारून आपणच उपकार करणार, अशा तोऱ्यात आम्ही वावरत होतो.

भाच्याने मेणबत्तीपाशी बसून दोन पाने वाचली, कागद घडी करून परत दिले आणि निवेदनाच्या शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : प्रत्येक पत्राला सात दिवसांच्या आत उत्तर मिळेल.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्या निवेदनाने चमत्कार घडवला नाही. तीन महिन्यांत अकरा पत्रे आली. सहा जणांनी खरोखर लिहून पाठवले. त्यांतल्या चौघांचे लेख छापले गेले, दोघांना काय कमी आहे ते कळवले गेले. एका बाईने आपण सलग नऊ डाव कसे हरलो आणि दहाव्यात काय उमगले ते लिहिले. भाच्याच्या सांगण्यानुसार त्यांच्या पानावर इतक्या प्रेमाने कोणताच लेख वाचला गेला नव्हता. ती आता महिन्यातून एकदा लिहिते. आणखी एकाने नियमांच्या शंकांचे काम उचलले. भाचा आठवड्यातून चार रात्री वेळेवर झोपतो. एवढ्यानेही आमच्या बहिणीने आम्हांला फोन करून धन्यवाद दिले. उत्तराचे सात दिवस त्याने एकदाच चुकवले आणि तेही स्वतःहून आमच्यापाशी कबूल केले.

आमच्या धर्मग्रामातही थोडा बदल झाला आहे. साहित्य पाठवा, असे आम्ही वेदीवरून म्हणणे सोडले आहे. आता आम्ही घरी जातो. समोरच्याला जे ठाऊक आहे आणि आम्हांला ठाऊक नाही, त्याबद्दल एकच लहानसा प्रश्न विचारतो. ज्या आजीने चाळीस वर्षे चर्चची वेदीवस्त्रे धुतली तिला विचारतो की मेणाचे डाग कसे काढतेस. तिने सांगावे आणि नातीने लिहून घ्यावे. काही जण नाही म्हणतात. तेही उत्तरच असते आणि आम्ही ते आनंदाने घेतो.

या वर्षी पास्काच्या सणानंतर आम्ही धीर करून त्या बागायतदारांच्या मुलाकडे गेलो. तो बँकेतून निवृत्त झाला आहे. वाडीत आता केळी नाहीत. वडिलांचे अक्षर पाहताच त्याने चष्मा काढला. घडलेले सारे आम्ही सांगितले आणि क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, त्यांनी ते लिहायला पंधरा रात्री घेतल्या होत्या. मीच त्यांना पेन आणून दिलं होतं."

उठताना आम्ही त्याला एकच विनंती केली. लहानपणी वाळत घातलेली केळी राखायला तुम्हांला बसवत असत, तेव्हा दिवसभर काय करत होता एवढेच लिहून द्या. मागच्या शनिवारी त्याचे दीड पान आले. कावळे हाकलण्याच्या काठीला त्याने घुंगरू बांधले होते, असे त्यात आहे.

ते पान वाचून आम्ही त्याच सायंकाळी त्याला उत्तर लिहिले. वडिलांची आठ पाने आणि मुलाचे दीड पान, दोन्ही एकत्र, त्यांच्या बोलीत, एक अक्षर न बदलता आम्ही छापणार आहोत.